दोन इंची बॉडी लिफ्ट किट: गाडी उंच दिसते, पण अडकते तिथेच

पिकअपची बॉडी उचलणाऱ्या या किटच्या खोक्यातून नायलॉनचे किंवा पॉलियुरेथेनचे गोल ठोकळे, लांब बोल्ट आणि वॉशर निघतात. ठोकळे केबिन आणि हौद्याखालच्या रबरी बुशांपाशी, चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि बॉडीच्या मध्ये बसतात. म्हणजे वर जातो तो फक्त पत्रा. चासी, पाटे, एक्सल आणि एक्सलच्या मधला गियरचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, तसूभरही हलत नाहीत. पावसाळ्यात रावेर-यावलच्या काळ्या रानात पिकअप गाऱ्यात बसते ती डिफरन्शियल जमिनीला टेकल्यामुळे. त्याची उंची हे किट वाढवत नाही, हे घेण्याआधीच समजून घ्या.

मग उपयोग काय? मोठ्या टायरला जागा मिळते, एवढाच. 255/65 आर 17 टायरचा व्यास साधारण 763 मिलिमीटर, 265/70 आर 17 चा 803. फरक 40 मिलिमीटरचा, आणि एक्सल उचलला जातो त्याच्या निम्मा, 20 मिलिमीटर. सगळ्या खटाटोपाची खरी कमाई ही. शिवाय मीटर 60 दाखवेल तेव्हा गाडी 63 ने पळत असेल आणि भरल्या गाडीला चढावर एक गियर खालचा लागेल.

बसवण्याचं काम सोपं सांगितलं जातं, ते तसं नाही. जुन्या गाडीचे बोल्ट गंजलेले असतात, म्हणून आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. जोर लावून फिरवलं आणि बॉडीच्या पोकळीतला पिंजरा-नट (पत्र्याच्या पिंजऱ्यात अडकवलेला नट) आतल्या आत फिरायला लागला, तर केबिनचा तळ कापून नट धरावा लागतो. बॅटरीची वायर काढा. एका बाजूचे बोल्ट पूर्ण काढा, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले करा. जॅकखाली जाड फळी घेऊन बॉडीच्या आडव्या पट्टीवर टेकवा. पत्र्यावर टेकवला तर पत्रा दबतोच. ठोकळा शिरेल एवढंच उचला. बुशाला भेगा असतील तर तोही आत्ताच बदला.

उचलताना एकाने बॉनेटखाली नजर ठेवायलाच हवी. इंजिन चासीवर, पण बऱ्याच गाड्यांत रेडिएटर बॉडीबरोबर वर जातो. मग पंख्याची पाती त्याच्याभोवतीच्या कव्हरच्या खालच्या कडेला घासतात. काही गॅरेजवाले कव्हर कापून मोकळे होतात, ते करू देऊ नका. कव्हर कापलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची ओढतो. मे महिन्यात 45 अंशांत, भरल्या गाडीने एसी लावून कन्नड घाट चढताना तापमानाचा काटा लाल रेघेकडे जातो. रेडिएटर किंवा कव्हर तेवढंच खाली घेणारी पट्टी किटमध्ये असलीच पाहिजे.

स्टिअरिंगचा शाफ्ट ही सगळ्यात गंभीर बाब. दोन तुकडे दातांनी एकमेकांत सरकलेले असतात. बॉडी वर गेली की दातांची पकड कमी होते. जोडतुकडा किटबरोबरच घ्या. शाफ्टला वेल्डिंग अजिबात नको. ब्रेक आणि क्लचचे पाइप, हँडब्रेकची केबल, अर्थिंगची वायर ताणली आहे का ते हाताने चाचपून पाहा. डिझेल भरायच्या नळीचा रबर क्लिपमधून सरकतो आणि टाकी फुल्ल केली की गळतो. गियरचा दांडा गिअरबॉक्सवरच राहतो, म्हणजे केबिनमध्ये दोन इंच खाली जातो. भोकाच्या कडेला टेकला की गियर पूर्ण पडत नाही आणि खड्ड्यात निसटतो. हेडलाइटचा झोतही खाली घ्यावा लागतो.

दिसण्यातही उणीव आहे. बंपर चासीवरच राहिल्याने जाळीखाली फट दिसते, त्यासाठी वेगळी ब्रॅकेट हवी. चाकाच्या कमानीतून चासी उघडी पडते आणि चिखल थेट इंजिनाकडे उडतो. तिथे जाड रबराचा पडदा बोल्टने बसवावा.

केळीवाल्यांनी तर दोनदा विचार करावा. हौदा दोन इंच वर म्हणजे प्रत्येक घड दोन इंच वर चढवायचा, दिवसभर. मालाचं वजनही तेवढंच वर जातं आणि वळणावर गाडी जास्त झुकते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला क्लेम अडवायला कारणही मिळतं. ठोकळे विकणारा हे सांगत नाही.

तीन इंची किट घेऊच नका. ठोकळा जितका उंच, तितका ब्रेक मारताना बोल्टवर वाकवणारा जोर जास्त. एकावर एक ठोकळे किंवा पाइपाचे तुकडे लावणं तर सरळ धोक्याचं. शेतासाठी खोल नक्षीचे, मूळ मापाचे टायर घेतले तर तोच पैसा जास्त कामाला येतो. तरीही बसवायचंच असेल तर बोल्टच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा मूळ बोल्टचाच ताकदीचा आकडा आहे का पाहा. आवळल्यावर बोल्ट आणि वॉशरवर मिळून रंगाची एक रेघ ओढा आणि 500 किलोमीटरनंतर गाडीखाली जाऊन पाहा. जिथे रेघ तुटली असेल, तो बोल्ट ढिला झालाय.