वाइन चाखायला अकलूज की नाशिक? सोलापूरकरांसाठी एक तुलना

जानेवारी ते मार्च हा वाइनच्या द्राक्षांच्या तोडणीचा काळ. या दिवसांत वाइन चाखायला जायचे ठरले की सोलापुरात पहिले नाव निघते ते नाशिकचे. आपल्याच जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यातल्या अकलूजजवळच्या मोटेवाडीला फ्रटेली या वाइन कंपनीच्या बागा आणि वायनरी (वाइन बनवण्याचा कारखाना) आहे, हे अनेकांच्या गावीही नसते. मी दोन्हीकडे जाऊन आलो आहे आणि दोन्ही सहली एकमेकींच्या जागी चालणाऱ्या नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंतराचा प्रश्न सोपा आहे. पंढरपूर, अकलूजमार्गे मोटेवाडी एका दिवसात होते. नाशिक सुमारे चारशे किलोमीटर असल्याने दोन मुक्काम धरावेच लागतात.

विविधता हवी असेल तर नाशिकला तोड नाही. राजीव सामंत यांच्या सुला या कंपनीची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली आणि 2005 मध्ये तिथे चाखण्याचे दालन सुरू झाले. त्यानंतर गंगापूर धरणाच्या परिसरात यॉर्क आणि सोमा, तर इगतपुरीच्या बाजूला व्हॅलोने आणि ग्रोव्हर झम्पा अशा वायनरी उभ्या राहिल्या, त्यामुळे दोन दिवसांत चार ठिकाणच्या वाइनची तुलना करता येते. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंची आणि थंडीतल्या गार रात्री यांमुळे द्राक्षातला आंबटपणा टिकतो, म्हणून तिथली सोव्हिन्यॉं ब्लांक ही पांढरी वाइन मला विशेष आवडते. मात्र शनिवार-रविवारी गर्दी फार असते आणि वाइन समजावून सांगणाऱ्याला एकेका पाहुण्याकडे लक्ष द्यायला वेळ मिळत नाही.

मोटेवाडीला तो वेळ मिळतो. फक्त आधी फोन करून वेळ ठरवून जावे. फ्रटेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून हा उद्योग उभारला. बागेत मी सांजोव्हेसे या लाल वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला. नान्नजच्या सोनाका या बिनबियांच्या द्राक्षाची सवय असलेल्या जिभेला तो मणी अगदीच लहान, जाड सालीचा आणि बियांचा लागला. बी चावताच तोंड तुरट झाले. लाल वाइन सालीबियांसह आंबवतात, त्यामुळे हीच तुरटी पेल्यात उतरते, आणि पांढऱ्या वाइनसाठी रस आधीच गाळून घेतात, म्हणून ती त्यात जवळपास नसते. हे पुस्तकात वाचून समजले नव्हते, ते त्या एका मण्याने समजले.

जेवणाच्या बाबतीत माझा कल उघडपणे आपल्याकडे आहे. नाशिकची मिसळ उत्तम, परंतु ती सकाळची आणि वाइन दुपारनंतरची. वायनरीत बहुधा पिझ्झा-पास्ताच समोर येतो. सोलापुरी ताटाची गोष्ट वेगळी आहे. मोटेवाडीहून आणलेली सांजोव्हेसे मी घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणीबरोबर घेतली, तेव्हा मिरचीचा जाळ दुपटीने वाढल्यासारखा वाटला, कारण अल्कोहोल आणि तुरटी दोन्ही तिखटाला चढवतात. त्याच चटणीबरोबर गार केलेली शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन घेतल्यावर शेंगदाण्याचा भाजका गोडवा वर आला. सांजोव्हेसेला बेताचे तिखट घातलेले मटण हवे; मांसातली चरबी आणि प्रथिने तिचा तुरटपणा मऊ करतात.

म्हणून वाइन प्रथमच चाखणाऱ्याने आधी मोटेवाडीला जावे, आणि जीभ थोडी तयार झाल्यावर, किंवा वर्षातून एकच मोठी सहल करायची असेल तर, नाशिक निवडावे. दोन्हीकडे गाडी चालवणाऱ्याने पेल्याला हात लावू नये. पंढरपूरला थांबायचे असेल तर जातानाच थांबावे, कारण परतताना डिकीत बाटल्या असतात आणि उन्हात उभ्या गाडीत फेब्रुवारीच्या शेवटीही वाइन बिघडू शकते.