स्पर्धकांवर नजर ठेवणारं अॅप, अख्खा सीझन वापरल्यानंतर

म्हापशात आमचं काजूचं दुकान. ऑक्टोबरात सीझन सुरू होताना भाच्याने हे अॅप लावून दिलं, आणि काल न विचारता पुढच्या वर्षाचे पैसे कापले म्हणून लिहायला बसलेय. आजूबाजूच्या दुकानांची यादी, भाव, रिव्ह्यू, हे सगळं ते एका जागी दाखवतं.

माझं डोकं फिरतं ते ग्रेडवरून. अॅपला कळतं फक्त 'काजू अर्धा किलो'. आमचा डब्ल्यू-240, म्हणजे पाउंडाला 220 ते 240 गर, पलीकडच्याचा डब्ल्यू-320, पाउंडाला 300 ते 320. दाणा बारीक, मग भाव कमी असणारच ना! पण रोज सकाळी लाल बाण, 'तुम्ही महाग आहात'. सालीसकट भाजलेला आणि सोललेला, दोन्ही एकाच ओळीत. सपोर्टला विचारलं तर म्हणे साइजचा पर्याय फक्त कपड्यांसाठी आहे. मग वहीत चार रकाने आखले, ग्रेड, वजन, पॅकिंग, भाव, आणि तुलना खरी तिथेच झाली.

बरं, एवढं लिहिलं तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. इतर दुकानांचे एक-दोन स्टारवाले रिव्ह्यू ते एकत्र काढून देतं, त्यात पर्यटकांची तीच रड, घरी पोचेपर्यंत काजू मऊ पडले. आम्ही व्हॅक्यूम पॅकिंग सुरू केलं, वर तसं ठळक लिहिलं, आणि डिसेंबरात लोक ते वाचून पाकीट उचलत होते. हे मला वहीतून कळलं नसतं.

नवीन धंदेवाल्यांनो, स्पर्धक म्हणजे फक्त तोच माल विकणारा नव्हे. गिऱ्हाईक गावी न्यायला बेबिंका (आमच्या गोव्याची थराथराची मिठाई) उचलतं तेव्हा माझं पाकीट राहतंच की. व्यवस्थापनाचे अभ्यासक मायकल पोर्टर यांनी 1979 मध्येच धंद्यावरचे पाच दबाव मांडलेत: सध्याचे स्पर्धक, नवे येणारे, पर्यायी माल, गिऱ्हाईक, पुरवठादार. अॅपला पहिलाच दिसतो. काजूबीचा भाव चढला की कारखानदार आम्हाला दाबतो, त्याचा बाण कुठाय?

पैशांचं विचारलं तर 'तिकीट उघडलंय' एवढंच उत्तर. तुम्ही ट्रायल घेतलीत तर यूपीआयमधलं ऑटोपे त्याच दिवशी बंद करा. माझे दोन स्टार, त्यातला एक रिव्ह्यूच्या भागाला. पैसे परत आले तर तिसऱ्याचा विचार करेन.