घोड्याची वजनाची टेप: उपाशी घोडी सांभाळणाऱ्यांनी आधी हीच घ्यावी

बरगड्या मोजता येतील अशा अवस्थेतलं घोडं दारात आणलं असेल तर नवा खरारा, चांगली मोरकी, झूल हे सगळं मागाहून घेता येतं. वजनाची टेप मात्र पहिल्याच दिवशी हाताशी हवी. आमची घोडी आली तेव्हापासून मी ती वापरते आहे.

दिसायला शिंप्याच्या टेपसारखीच, फक्त एका बाजूला सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला थेट किलो छापलेले. पाठीच्या सुरुवातीला जो उंचवटा असतो त्याच्या लगेच मागून ती टाकायची, पुढच्या पायाच्या कोपरामागून छातीखालून फिरवायची आणि घोडं श्वास सोडेल तेव्हा आकडा बघायचा. घोडं चारही पायांवर सारखं उभं हवं. मी दर रविवारी सकाळी, चारा टाकायच्या आधी मोजते. वेळ बदलली की आकडा हलतो.

आता मुख्य तक्रार. किलोच्या बाजूवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ती नेमक्या बांध्याचं, धडधाकट घोडं गृहीत धरून छापलेली असते. उपाशी जनावराचं मांस पुठ्ठ्यावरून आणि पाठीवरून उतरलेलं असतं, आणि टेपला कळतो तो फक्त छातीचा घेर. म्हणून मी सेंटिमीटरची बाजू वापरते आणि लांबीही घेते, खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11880, की किलो मिळतात. आमच्या घोडीचा घेर 150 आणि लांबी 140 होती, म्हणजे जेमतेम 265 किलो. हाही अंदाजच, पण जंताचं औषध नुसत्या नजरेने देण्यापेक्षा कितीतरी बरा. डोस कमी पडला तर जंत औषधाला दाद देईनासे होतात. आणि इतक्या अशक्त जनावराला औषध कधी आणि कुठलं द्यायचं, ते लीद तपासून डॉक्टरांनाच ठरवू द्या.

टेपचा खरा उपयोग मला आकडा दाखवून घरच्यांना आवरायला झाला. हाडाचा सापळा समोर उभा असला की प्रत्येकाला वाटतं, बादलीभर चंदी द्यावी. तेच घातक. बरेच दिवस उपाशी असलेल्या घोड्याला एकदम दाणा दिला की इन्शुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं, आणि खायला लागलेलं घोडं काही दिवसांत दगावू शकतं. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यांचा सल्ला असा की सुरुवातीचे तीन दिवस साधारण अर्धा किलो लसूणघासाची वैरण दर चार तासांनी द्यावी आणि मग हळूहळू वाढवत न्यावी. आम्ही तसंच केलं. रात्रीचे गजर सगळ्यांनी वाटून घेतले.

पहिल्या आठवड्यात आकडा वर गेला तेव्हा घरात आनंद झाला, पण तो पोटातला चारा आणि पाणी होतं, मांस नव्हतं. त्यानंतर काही आठवडे टेप जवळपास जागीच होती. त्या काळात हाताने चाचपणं जास्त कामाचं. मान, पाठीच्या सुरुवातीचा तो उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचं मूळ अशा सहा जागा दाबून 1 ते 9 गुण द्यायची पद्धत आहे, 1983 मध्ये डॉन हेनेके यांनी मांडलेली. आमची घोडी 1 वर होती, म्हणजे सगळ्यात रोड. थंडीत अंगावर दाट केस आले की डोळा पार फसतो, बोटं फसत नाहीत.

मग दात कानसून घेतले. गालाला टोचणारी टोकं गेल्यावर अर्धवट चावलेल्या गवताच्या गुंडाळ्या तोंडातून पडायच्या थांबल्या आणि घेर सरकायला लागला. आता तो 165 आहे, हिशेबाने 320 किलोच्या आसपास. अजून पुठ्ठा भरायचा आहे.

घेताना एवढंच पाहा: टेप ताणली जाता कामा नये. माझी पहिली साध्या प्लास्टिकची होती, ती सैल पडली आणि घामाने आकडेही पुसट झाले. दुसरी आतून धागा विणलेली घेतली, ती टिकली आहे. महिन्यातून एकदा लोखंडी टेपशी ताडून बघते. पाच तारे, पण किलोच्या बाजूचा एक कापून चार.