लॉकवालं ड्रॉइंग सॉफ्टवेअर आणि चार प्लेटांवरचा काळा

डीटीपीची (कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवणारी) दुकानं, छोटे प्रेस, पत्रिका-लेबलं करणारी मंडळी यांच्याकडे सध्या एक माणूस फिरतोय. त्याच्यासारखे आणखीही असतील. "खास छपाईसाठी बनवलेलं भारतीय ड्रॉइंग सॉफ्टवेअर, एकदाच पैसे भरा, आयुष्यभर वापरा," असं तो सांगतो. किंमत साडेअठरा हजार, आणि सोबत पेनड्राइव्हसारखं एक लॉक. सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे, आणि त्याने हे पैसे माझ्याकडूनही नेले. त्याचं नाव मी इथे देत नाही. तक्रार अजून चालू आहे, आणि नाव काय, ते तो उद्या बदलेल. माल मात्र तोच राहणार. म्हणून मालाबद्दलच सगळं सांगते.

असा माल खपतो कारण आपल्या धंद्याची अडचण खरी आहे. जुन्या कॉम्प्युटरवरचं जुनं कोरल, म्हणजे कोरलड्रॉ हे ड्रॉइंग सॉफ्टवेअर, नव्या मशीनवर धड चालत नाही. फोटोशॉपवाल्या अडोबीचं २०१३ पासून सगळं भाड्याने, महिन्याचे पैसे थांबले की काम थांबलं. कोरलड्रॉ एकरकमी मिळतं, पण ती रक्कम छोट्या दुकानाला जड जाते. क्रॅक, म्हणजे चोरीची प्रत, वापरावं तर व्हायरसची धास्ती आणि कधी कोण तपासायला येईल याची वेगळी. अशा वेळी मधल्या किमतीचं, एकदाच पैसे भरायचं काही समोर आलं की माणूस ऐकून घेतोच. त्यात ते लॉक. पूर्वी मराठी फाँटची पॅकेजं लॉकसकटच यायची. ते लावलं नाही तर अक्षर उमटायचं नाही. त्यामुळे या धंद्यात केस पांढरे झालेल्या माणसाला लॉक दिसलं की माल ओरिजिनल वाटतो. हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

डेमो त्याने झकास दिला. आधी टेबलावर छापील खोके आणि पत्रिका मांडल्या, एकावर तर सोनेरी फॉइल. मग रंगाची खिडकी उघडली. सी, एम, वाय, के असे चार खाने, म्हणजे छपाईच्या निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईचे. पहिल्या तिनात शून्य, चौथ्यात शंभर टाकलं. "बघा ताई, प्युअर ब्लॅक. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये हे मिळत नाही." मग मी सांगितलं ते देवनागरी त्याने टाइप करून दाखवलं. 'प्रक्रिया', 'कार्यालय', 'उत्कृष्ट', एकही जोडाक्षर तुटलं नाही. भरपूर झूम केलं तरी कडा स्वच्छ. माझ्याच लेझर प्रिंटरवर प्रिंट काढली, तीही काळी कुळकुळीत. मी म्हटलं, माझं काम ऑफसेटचं आहे, मला प्लेट कशी निघते ते बघायचंय. (ऑफसेट छपाईत प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते.) त्यालाही तो तयार होता. त्याने पेनड्राइव्हवरून एक सॅम्पल पीडीएफ दिली आणि ती आम्ही प्लेटा काढून देणाऱ्या आउटपुटवाल्याकडे पाठवली. तिकडून उत्तर आलं, फाइल एकदम बरोबर आहे, काळं फक्त काळ्या प्लेटवर आहे. मग मी पैसे दिले.

त्यावर केलेलं पहिलं मोठं काम हळदीच्या खोक्याचं होतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून इकडे छोटे-छोटे ब्रँड बरेच निघाले आहेत. त्यातलंच हे एक गिऱ्हाईक. पिवळी जमीन, लाल नाव, समोर हळकुंडांचं चित्र आणि त्याखाली मऊ सावली. मागच्या बाजूला बारीक काळा मजकूर, म्हणजे घटक, निव्वळ वजन, एमआरपी, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, आणि कोपऱ्यात बारकोड. डुप्लेक्स बोर्डवर ५,००० खोके. स्क्रीनवर आणि लेझरच्या प्रूफवर सगळं सुंदर दिसत होतं. गिऱ्हाइकाने सही केली.

छापून आलेलं खोकं हातात घेतलं तेव्हा बारीक अक्षरं जाडसर आणि थोडी मळकट वाटली. भिंग लावल्यावर कारण दिसलं. प्रत्येक अक्षराच्या डाव्या कडेला गुलाबी रेघ, उजवीकडे निळसर. वेलांटीच्या आतली पांढरी जागा ठिपक्यांनी भरून गेलेली. 'हळद' मधल्या 'ह'चा खालचा वेढा तर बुजलाच होता. सावलीचं वेगळंच. ती मऊ न राहता पायऱ्या-पायऱ्यांची झाली होती, आणि त्या पायऱ्या नुसत्या डोळ्यांनीही दिसत होत्या. या सगळ्यापेक्षा वाईट बातमी दोन दिवसांनी आली. दुकानांतल्या स्कॅनरवर बारकोड कधी वाचला जातो, कधी जात नाही.

प्रेसवाल्या अण्णांनी प्लेटा काढून दाखवल्या. काळा मजकूर चारही प्लेटांवर होता. बारकोडसुद्धा.

असं का होतं, ते नव्या मुलांसाठी सांगते. स्क्रीन लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशावर चालते, छपाई चार शायांवर. स्क्रीनचा काळा म्हणजे तिन्ही प्रकाश शून्य. फाइलमध्ये काळं असं नोंदलेलं असलं की प्लेट काढणारी यंत्रणा त्याचं भाषांतर चार शायांत करते. फोटोशॉपमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेल्या अमेरिकन सेटिंगवर ते साधारण सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९० असं येतं, म्हणजे एका अक्षरावर एकूण ३०० टक्के शाई. काही आउटपुटवाले शुद्ध काळं आपोआप एका प्लेटवर आणायचं सेटिंग ठेवतात, पण सगळे ठेवत नाहीत, आणि ते धरून चालता येत नाही. मोठ्या मथळ्याला चार शायांचा काळा चालतो, उलट दाट दिसतो. सहा पॉइंटच्या बारीक अक्षराला चालत नाही. चार प्लेटा एकमेकींवर केसभरही इकडे-तिकडे झाल्या की रंगीत कडा आल्याच, आणि ऑफसेटवर केसभर हलणं रोजचंच. बारकोडच्या रेघा तशाच जाड होतात, मधल्या फटी बुजतात आणि स्कॅनर गोंधळतो. लेझर प्रिंटरवर हे कधीच कळत नाही, कारण तो स्क्रीनचे रंग स्वतःच सांभाळून घेतो. त्याच्या प्रिंटवर भरवसा ठेवायला लावणं हा डेमोतला सगळ्यात हुशार भाग होता.

विक्रेत्याला फोन केला. आधी म्हणाला, प्रेसची मशीन जुनी असेल. मग म्हणाला, ताई, तुमची आवृत्ती जुनी आहे, साडेतीन हजारांत अपडेट देतो. पैसे देणार नाही म्हटल्यावर फोन उचलणं बंद.

पुढचं माझ्या भाच्याने शोधलं. तो छपाईतला नाही, कॉम्प्युटरचं शिकतोय. त्याने त्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह केलेली माझी फाइल सरळ नोटपॅडमध्ये उघडली. आत साधा मजकूर होता, आणि त्यात पुन्हा पुन्हा दोन शब्द: 'सोडीपोडी' आणि 'इंकस्केप'. सोडीपोडी हा जुना मुक्त, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, ड्रॉइंग प्रोग्राम. त्यातूनच २००३ मध्ये इंकस्केप फुटून निघाला. इंकस्केपच्या फाइलींत तो वारसा आजही लिहिलेला सापडतो. म्हणजे साडेअठरा हजारांना मला जे विकलं होतं ते नाव, चिन्ह आणि रंग बदललेलं इंकस्केप होतं. जगात कुणालाही ते फुकट उतरवून घेता येतं. मग भाच्याने लॉक काढलं, प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये जाऊन मूळ फाइलवर दोनदा क्लिक केलं. लॉकशिवाय उघडलं! लॉक फक्त डेस्कटॉपवरच्या चिन्हाला बांधलेलं होतं.

त्याच फाइलमध्ये काळ्या मजकुराचा रंगही सापडला. हॅश आणि पुढे सहा शून्यं, म्हणजे स्क्रीनचा काळा. मी स्वतः ०, ०, ०, १०० टाकून बनवलेला 'प्युअर ब्लॅक' सेव्ह होताना असा झाला होता. चार खान्यांची खिडकी खरी होती, पण त्या आवृत्तीत ती फक्त रंग निवडायची एक सोय होती. निवडलेला रंग शेवटी स्क्रीनच्याच भाषेत नोंदला जायचा. सावलीचंही कोडं सुटलं. पीडीएफ काढताना धूसर परिणामांचं साध्या ठिपक्यांच्या चित्रात रूपांतर होतं, आणि इंचाला किती ठिपके (डीपीआय) हा आकडा मुळात ९६ ठेवलेला असतो. तिथे ३०० टाकता येतात. "३०० डीपीआयची गॅरंटी" देणाऱ्याने तो खाना कुठे आहे हेसुद्धा दाखवलं नव्हतं.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर दोष भलत्याच्या माथी जाईल. इंकस्केप वाईट नाही. लोगो ट्रेस करणं, पत्रिकेची नक्षी, फ्लेक्स, डिजिटल प्रिंट, कटिंग मशीनसाठी रेषा, यासाठी ते उत्तम आहे, आणि देवनागरी ते इतकी नीट जुळवतं की आमची काही महागडी जुनी सॉफ्टवेअर त्याच्यापुढे लाजतील. ते ज्या परवान्याखाली येतं त्यात विकायलाही बंदी नाही. पैसे घ्या, पण तो परवाना आणि मूळ कोड मिळवायची वाट गिऱ्हाइकाला द्यावी लागते. या विक्रेत्याने तो परवाना पुसला, दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून विकलं आणि जे इंकस्केपला जमत नाही तेच जमतं असं सांगितलं.

आणि ते सॅम्पल? पीडीएफ उघडून कंट्रोल आणि डी दाबलं की गुणधर्मांची खिडकी येते. ती फाइल कशात बनली आणि कोणत्या इंजिनने पीडीएफ काढली, हे त्यात लिहिलेलं असतं. माझ्या खोक्याच्या फाइलमध्ये इंजिनचं नाव होतं 'कैरो'. इंकस्केप तेच वापरतं. विक्रेत्याच्या सॅम्पलमध्ये नाव होतं कोरलड्रॉचं. दुसऱ्याच्या ताटातला लाडू दाखवून आपली भट्टी विकणं म्हणतात ते हे. टेबलावरचे सोनेरी फॉइलचे खोके कशात बनले असतील, ते वेगळं सांगायला नको.

त्यामुळे कुणी असं काही दाखवायला आलं तर त्याचं सॅम्पल बाजूला ठेवा आणि तुमचं स्वतःचं अवघडात अवघड जुनं काम त्याच्यासमोर नव्याने काढायला लावा. सहा पॉइंटचा काळा मराठी मजकूर, एक बारकोड, एक मऊ सावली, एवढं पुरे. पीडीएफ तुमच्या हाताने काढा आणि ओळखीच्या आउटपुटवाल्याला सांगा, अॅक्रोबॅट प्रोच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये काळ्या प्लेटची टिक काढून बघ. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर ठीक. करडी, मातकट सावली मागे राहिली तर फाइलमध्ये स्क्रीनचा काळा आहे. चहा संपायच्या आत हे कळतं. विक्रेता यासाठी "आधी अॅडव्हान्स द्या" म्हणाला तर चहा पाजून पाठवून द्या.

मी स्वतः आता खोक्यांची आणि लेबलांची कामं रीतसर घेतलेल्या कोरलवर करते. ज्यांना पैसे घालायचे नाहीत त्यांनी इंकस्केप त्याच्या मूळ साइटवरून फुकट घ्यावं, चित्र त्यात काढावं आणि ते स्क्रायबस या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून रंग तिथे चार शायांत ठरवावेत. स्क्रायबसही फुकट आहे आणि प्रेसला लागणारी पीडीएफ-एक्स ते व्यवस्थित देतं. वेळ जास्त जातो, पण प्लेट बरोबर निघते. अफिनिटी हे आणखी एक ड्रॉइंग सॉफ्टवेअर २०२५ च्या ऑक्टोबरपासून फुकट झालंय आणि छपाईचे रंगही नीट सांभाळतं, पण त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरं तुटायची. आधी तुमच्याच चार ओळी त्यात टाइप करून बघा. महागड्या सॉफ्टवेअरची 'लाइफटाइम की' म्हणून निम्म्याहून कमी किमतीत मिळणाऱ्या चाव्यांच्या वाटेला जाऊच नका. त्या कधी बंद पडतील याचा नेम नसतो.

तक्रारीचं म्हणाल तर बिल हाच मोठा अडथळा आहे. बिलावर सॉफ्टवेअर हा शब्दच नाही. 'संगणक प्रशिक्षण व इन्स्टॉलेशन' असं लिहिलंय. पैसे यूपीआयने गेले, तेही कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. पैसे देण्याआधी बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघा, नाव जुळतं का ते लगेच दिसतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगाबद्दल एक गैरसमज फार ऐकायला मिळतो, की दुकानदार ग्राहक ठरत नाही. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. माझा अर्ज गेलाय. सोबत बिल, व्हॉट्सअॅपवरचे त्याचे दावे, दोन्ही पीडीएफ, नोटपॅडमध्ये उघडलेल्या फाइलचे फोटो आणि भिंगाखालचे खोक्याचे फोटो जोडलेत.

ज्यांनी हे आधीच घेतलंय त्यांच्यासाठी एक गोष्ट. "अपडेट करून देतो, लॉक कुरियरने पाठवा," असा निरोप त्याच्याकडून काहींना आलाय. ते पाठवू नका, फॉरमॅटही करू नका. त्या लॉकच्या पेनड्राइव्हवर त्याचा इन्स्टॉलर आहे, कोरलमध्ये बनलेलं ते सॅम्पल आहे, आणि माल त्यानेच दिला याचा आपल्या हातातला पुरावा तोच आहे.