सोशल ऑडिट की बंधनकारक करार?

कपड्यांच्या ब्रँडसाठी खरेदी करणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलं: पुरवठादारांकडून सोशल ऑडिटचं, म्हणजे कामगारांची सुरक्षितता आणि कामाची परिस्थिती तपासल्याचं, प्रमाणपत्र मागू, की कामगार संघटनांशी त्याबद्दल बंधनकारक करार करू?

खर्चाच्या बाबतीत ऑडिट स्वस्त. दोन-तीन दिवसांत उरकतं आणि फी बहुधा कारखानदारच भरतो. पण गोम तिथेच आहे. ज्याची तपासणी, त्याचेच पैसे! कराराला ब्रँडचा पैसा आणि काही वर्षांची बांधिलकी लागते.

दोष कोणाला दिसतात? कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे सोशल ऑडिटचं प्रमाणपत्र मिळालं. सप्टेंबरमध्ये तिथे आग लागली. खिडक्यांना गज, दारं बंद. अडीचशेहून जास्त माणसं गेली. ठरवून आलेल्या पाहुण्याला रोजचं कुलूप दिसत नाही, आत काम करणाऱ्याला दिसतं.

बांगलादेशातल्या राणा प्लाझा या कपडे कारखान्यांच्या इमारतीच्या भिंतींना आदल्या दिवशीच तडे गेले होते, तरी २४ एप्रिल २०१३ला कामगारांना आत पाठवलं आणि इमारत कोसळली. १,१३४ जणांचा जीव गेला. त्यानंतर २०१३ मध्येच ब्रँड आणि कामगार संघटनांनी केलेल्या बांगलादेश अकॉर्ड या बंधनकारक करारात तपासणी अहवाल जाहीर व्हायचे, धोकादायक जागी काम नाकारता यायचं, आणि ब्रँडने शब्द मोडला तर लवादाकडे जाता यायचं. ऑडिटचा अहवाल मात्र बहुधा गोपनीयच राहतो.

मोजक्या ऑर्डरी, नवा पुरवठादार आणि फक्त प्राथमिक चाळणी हवी असेल, तर ऑडिट चालेल; सोबत कामगारांशी कारखान्याबाहेर बोलायचंच. वर्षानुवर्षं त्याच कारखान्यांतून मोठा माल उचलत असाल, तर करारच करा.