आर्थिक स्वातंत्र्य निर्देशांक: क्रमांक सोडा, बारा रकाने वाचा

आजच्या अर्थव्यवस्थांमध्ये मुक्त बाजार खरोखर किती उरला आहे, या वादात हेरिटेज फाउंडेशन या अमेरिकन विचारसंस्थेचा आर्थिक स्वातंत्र्य निर्देशांक हमखास पुढे केला जातो. १९९५ पासून तो दरवर्षी निघतो, संकेतस्थळावर फुकट पाहता येतो आणि देशादेशांची तुलनाही तिथेच होते. कामाची वस्तू आहे, पण लोक नेमका तिचा सर्वांत कच्चा भाग वापरतात, तो म्हणजे एकूण क्रमांक.

मालमत्तेच्या हक्कांपासून व्यापारापर्यंत बारा घटक, प्रत्येकाला शंभरपैकी गुण आणि सगळ्यांची साधी सरासरी, अशी ही रचना आहे. सरासरी ८० किंवा वर गेली की देश 'मुक्त', ५० च्या खाली आली की 'दडपलेला'.

२०२० ते २०२५ या सगळ्या आवृत्त्यांत सिंगापूर पहिले आहे. त्याच सिंगापुरात सुमारे ९० टक्के जमीन सरकारची आहे, जवळपास ८० टक्के रहिवासी सरकारी मंडळाने बांधलेल्या घरांत राहतात, पगारातून सक्तीची बचत कापली जाते आणि राष्ट्रीय विमान कंपनीत सरकारी गुंतवणूक कंपनी टेमासेकचा निम्म्याहून जास्त वाटा आहे. मग पहिला क्रमांक कसा? बँकांवरची सरकारी मालकी निर्देशांकात मोजली जाते, पण जमीन आणि घरांच्या मालकीसाठी वेगळा रकानाच नाही. व्यापार खुला, कर कमी, न्यायालये भरवशाची, म्हणून गुण भरभरून मिळतात. ते खोटे नाहीत, पण ही पाठ्यपुस्तकातली मुक्त बाजारपेठ नव्हे.

सरकारी खर्चाचे गुण काढण्याचे सूत्र समजून घेतलेच पाहिजे. खर्च जीडीपीच्या किती टक्के आहे त्या आकड्याचा वर्ग करायचा, त्याला ०.०३ ने गुणायचे आणि उत्तर शंभरातून वजा करायचे. खर्च ३० टक्के असेल तर ७३ गुण, ५० टक्के असेल तर फक्त २५. म्हणजे ५० टक्के खर्च करणाऱ्या देशाच्या एकूण सरासरीतून या एका घटकामुळे सव्वासहा गुण जातात. डेन्मार्कसारखा देश जीडीपीच्या निम्म्याच्या आसपास खर्च करूनही वरच्या गटात राहतो, तो बाकीच्या रकान्यांच्या जोरावर. उलट ज्या सरकारला शाळा आणि दवाखाने चालवताच येत नाहीत, त्याला इथे भरघोस गुण मिळतात. दुबळेपणाला स्वातंत्र्य म्हणणे ही या निर्देशांकाची माझ्या मते सर्वांत गंभीर चूक आहे.

आयातशुल्काचा सापळा लवकर लक्षात येत नाही. सरासरी शुल्क काढताना आयातीच्या मूल्यानुसार वजन दिले जाते. शुल्क इतके जबर असेल की माल येणेच थांबावे, तर त्या मालाचे वजन शून्याकडे जाते आणि सरासरी छान दिसते. अमेरिकेत हलक्या मालवाहू गाड्यांवर १९६४ पासून २५ टक्के शुल्क आहे. एवढी मोठी भिंत सरासरीत जवळजवळ दिसत नाही.

सरकारची न बोललेली हमीही तशीच निसटते. बुडत्या बँकेला सरकार सावरणार हे बाजाराला ठाऊक असते, त्यामुळे तिला कर्ज स्वस्त मिळते, पण हमी वटेपर्यंत खर्चाच्या रकान्यात एक पैसाही दिसत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेने बँकांना सावरायला ७०० अब्ज डॉलरची मदत मंजूर केली, तेव्हा ही हमी डोळ्यांसमोर आली.

वापरायची पद्धत अशी: देशाचे पान उघडून थेट बारा घटकांवर जा. करभार, सरकारी खर्च आणि वित्तीय स्थिती (सरकारची तूट आणि कर्ज) हे तीन वगळून उरलेल्या नऊंची सरासरी हाताने काढा. सरकारचा आकार आणि बाजाराचा खुलेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे लख्ख दिसते. आवृत्तीवरच्या सालाला फसू नका, आकडे आधीच्या काळातले असतात.

सोबत फ्रेझर इन्स्टिट्यूट या कॅनडातल्या विचारसंस्थेचा आर्थिक स्वातंत्र्यावरचा अहवालही उघडा. त्याचे आकडे दोन वर्षे जुने असतात, पण मालमत्तेवरच्या सरकारी मालकीला तिथे स्वतंत्र घटक आहे. हेरिटेजने २०२१ पासून हाँगकाँगला यादीतूनच काढले, धोरणे अखेर बीजिंगच्या हाती आहेत म्हणून. फ्रेझरच्या यादीत मात्र ते अजून अगदी वर असते. तेव्हा तुलनेत हाँगकाँग हवे असेल, तर फ्रेझरच घ्या.