वार्षिक पास, नऊ महिन्यांनंतर: चार वाजता गाशा गुंडाळा

थीम पार्कच्या वार्षिक पासाच्या नूतनीकरणाची ईमेल आली म्हणून हे लिहायला बसलोय. 'आत्ता भराल तर १० टक्के सूट.' सूट नको बाबांनो, दोन तास द्या.

पार्कचं नाव लिहीत नाही. आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो आणि पार्क गाडीने सव्वा तासावर आहे, एवढं पुरे. रोलर कोस्टर किती, कुठला सगळ्यात उंच, हेही सांगत बसत नाही. पाळणे उत्तम आहेत. माझं भांडण घड्याळाशी आहे.

मार्च २०२५ मध्ये चौघांचे मिळून ३४० पौंड भरले. डोक्यात दहा ते सहा हा हिशोब होता, कारण आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये साधं तिकीट काढून गेलो होतो तेव्हा सहापर्यंत चालू होतं. वेळापत्रक नीट पाहिलं नाही ही चूक माझी. शाळा चालू असताना आठवड्याच्या दिवसांत पार्क चारला बंद, शनिवार-रविवारी पाचला, सहा फक्त उन्हाळी सुट्टीत. त्यातही मेमधल्या दोन रविवारी पाचाचे चार झाले, ते ॲपवर बारीक अक्षरांत. आणि दहाला फाटक उघडलं म्हणजे पाळणे फिरायला लागले असं समजू नका. निम्मे अकराला सुरू होतात, एक तर साडेअकराला. त्या भागातली माणसं तासभर उशिरा बोलावली की तासाभराचा पगार वाचतो, दुसरं काय.

जूनमध्ये इथे रात्री सव्वानऊला सूर्य मावळतो. आणि आम्ही लख्ख उन्हात पाच वाजता गाडीत, पार्किंगमधून बाहेर पडणाऱ्या लोंढ्यात अडकलेले, मागे दोन पोरं 'आता कुठे जायचं' म्हणत.

आता बाटली. बायको म्हणते, लोक पार्कबद्दल लिहितात, तू बाटलीबद्दल लिहितोस. असेल. पहिल्याच खेपेला मी १४ पौंडांची रिफिलची बाटली घेतली. बुडाशी चिप असते, यंत्राखाली धरली की पेय भरतं, दोनदा भरण्यात दहा मिनिटांचं अंतर ठेवावं लागतं. पुढच्या प्रत्येक खेपेला ५ पौंड दिले की चिप 'दिवसभर' चालू. हा दिवस कसा मोजतात ते ऐका. स्टॉल अकराला उघडतो आणि पार्क बंद व्हायच्या पाऊण तास आधी यंत्रं बंद होतात, धुवायची असतात म्हणे. म्हणजे चारला बंद होणाऱ्या पार्कात दिवस झाला सव्वाचार तासांचा. मेमधल्या एका शनिवारी मी चार वाजून सोळा मिनिटांनी यंत्रापुढे उभा होतो. पडद्यावर 'धन्यवाद, पुन्हा या'. पार्क पाचपर्यंत चालू, घसा कोरडा, हातात चौदा पौंडांचं प्लास्टिक. पाण्याचा नळ शेजारीच होता, तो वापरला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

घरी येऊन लांबलचक तक्रार पाठवली. उत्तरात अटींमधलं एक कलम होतं, 'वेळा पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात', आणि दिलगिरी म्हणून दोन फुकट रिफिलची कूपनं. कूपनांची मुदत ३१ मे. ईमेल आली २ जूनला.

आमच्या गावच्या जत्रेत पाळणेवाला गर्दी बघून फेरी ठरवायचा. गर्दी असली की चार गिरक्यांत उतरवायचा, नसली की पोटात ढवळेपर्यंत फिरवायचा, कारण रिकामा पाळणा बघून गिऱ्हाईक फिरकत नाही. त्याचे पैसे फेरीमागे होते, म्हणून तो रात्री अकरापर्यंत तिथेच. इथे पैसे फाटकावर घेतलेले, पासवाल्याकडून तर वर्षाचे आगाऊ. दुपारनंतर आतला माणूस फार तर एखादं आइस्क्रीम घेणार. पाळण्यावर मात्र रांगेत दहा जण असोत नाहीतर पाचशे, बेल्ट तपासायला आणि बटण दाबायला माणसं तेवढीच लागतात. त्यामुळे संध्याकाळचे दोन तास त्यांना सगळ्यात महाग पडतात आणि कात्री तिथेच लागते.

माझं काम पगारपत्रकांचं आहे, म्हणून 'वाढत्या खर्चामुळे' हे पार्कवाल्यांचं वाक्य वाचलं की हात शिवशिवतात. एप्रिल २०२५ पासून मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावरची सरकारी वर्गणी) १३.८ टक्क्यांवरून १५ वर गेला, आणि वर्षाला किती पगारानंतर तो सुरू होतो ती मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० वर आली. अर्धवेळ माणसं ठेवणाऱ्यांना हा दुसरा फटका जास्त बसला. पण पार्कात बेल्ट तपासणारी पोरं बघा, निम्मी विशीच्या आतबाहेरची. २१ वर्षांखालच्यांच्या नेहमीच्या पगारावर मालकाला हा इन्शुरन्स भरावाच लागत नाही! तेव्हा यांचं रडगाणं अर्धं खोटं, असं मी जूनमध्ये जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं होतं. मग एका रविवारी शांतपणे आकडे मांडले. १८ ते २० वयाच्यांचं किमान वेतन त्याच एप्रिलमध्ये तासाला ८.६० वरून १०.०० पौंड झालं, म्हणजे एका झटक्यात १६ टक्के. मोठ्यांचं ११.४४ वरून १२.२१. वर तिकिटावर २० टक्के व्हॅट आहेच, जो कोविडकाळात २०२० च्या जुलैपासून वर्षभराहून जास्त ५ टक्क्यांवर आणला होता. राग थोडा उतरला. थोडाच. बाटलीचा नाही.

ऑगस्टमध्ये त्याच स्टॉलवर मी मुलाला म्हणालो, "भर पटकन, हे लोक कुलूप लावतील." पलीकडची मुलगी हसली. "काका, अजून वीस मिनिटं आहेत." (काका! मी बेचाळीसचा आहे.) नाशिककडची, एक वर्षाच्या मास्टर्ससाठी आलेली. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात लागली तेव्हा शिफ्ट आठ तासांची असायची, आता बहुतेक दिवशी पाच-साडेपाच तासांचीच. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं. ते वीस तास आधी अडीच दिवसांत भरायचे, आता चार दिवस यावं लागतं. बसचं भाडं एका बाजूचं ३ पौंड, तेही जानेवारीत दोनाचे तीन झालेले.

"तुम्ही निदान पाळण्यात तरी बसता," ती म्हणाली, आणि मग तिने जे सांगितलं त्याने माझं अर्धं मत बदललं. बंद व्हायच्या वेळी जो रांगेत असतो त्याला बसवतातच. तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांत सगळ्यात लांब रांगेत घुसायचं.

सप्टेंबरात हे करून पाहिलं. शाळेला शिक्षक-प्रशिक्षणाची सुट्टी होती, आमच्याच शाळेला, त्यामुळे पार्कात शुकशुकाट. (एरवी शाळा बुडवून नेत राहिलं तर प्रत्येक पालकाला मुलामागे ८० पौंड दंड होऊ शकतो, तो हिशोब कुठल्याच पासात बसत नाही.) पार्क दहा ते चार, आम्ही तीन अठ्ठावन्नला मोठ्या कोस्टरच्या रांगेत, बसलो साडेचारला, उतरलो तेव्हा पार्किंग रिकामं. त्या दिवशी एकूण चौदा फेऱ्या झाल्या. ऑगस्टमधल्या दहा ते सहाच्या भरगच्च दिवशी सहा झाल्या होत्या.

रात्री एक्सेलमधला 'तास' हा रकाना काढून 'फेऱ्या' घातला. नऊ खेपा, ७१ फेऱ्या, ३४० पौंड. फेरीमागे माणशी १ पौंड २० पेन्स पडले. पेट्रोल धरलेलं नाही. बाटली वेगळी लिहिली आहे: १४ आणि आठ वेळा ५, एकूण ५४ पौंड. हा आकडा बायकोला अजून दाखवलेला नाही.

तेव्हा पाचपैकी साडेतीन. मुलं शाळेत नसतील, किंवा तुम्हाला मंगळवारी रजा मिळत असेल, तर डोळे झाकून घ्या. शनिवार-रविवारवाल्यांनी आधी वेळापत्रक उतरवून घ्या, फोटो काढून ठेवा, मगच पैसे भरा. एप्रिल २०२६ पासून किमान वेतन १२.७१ आणि तरुणांचं १०.८५ असं जाहीर झालंय, त्यामुळे वेळा वाढतील अशी आशा मी तरी धरत नाही. बायको म्हणते पास घेऊन टाकू. मी म्हणतो २०२६ च्या वेळा टाकेपर्यंत कार्ड बाहेर निघणार नाही, गेली सूट तर गेली.

चिप हंगामाबरोबर बंद पडली. बाटली आता ऑफिसला ताक न्यायला वापरतो. झाकण गळतं.